सेक्रेटरी काकांची ना हरकत

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, आईचं पहिल्या. मध्ये अठरा पायऱ्या. तरी त्या रविवारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हातात सुटकेस घेऊन आले, बेल वाजवली आणि मी दार उघडताच म्हणाले, "नमस्कार. माझं आजचं बुकिंग आहे."

मी म्हटलं, "काका, या ना आत. चहा ठेवते."

"काका कोण? मी पाहुणा. कुडाळहून आलोय. तू मला ओळखत नाहीस. आधी ओळखपत्र माग."

मी हसले. ते हसले नाहीत. दारातच उभे राहिले, सुटकेस खाली न ठेवता. शेवटी मी ओळखपत्र मागितलं. त्यांनी आधार कार्ड काढून दिलं आणि मी ते बघितल्यासारखं करून परत करायला लागले तर म्हणाले, "फोटो बघितलास? चेहऱ्याशी ताडून बघ. उद्या कोणीही येईल माझं कार्ड घेऊन." मग त्यांनी पाहुण्यांचं रजिस्टर मागितलं. रजिस्टर नव्हतं. मी शेजारच्या दुकानातून शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या, आणि ज्या माणसाला मी शाळेत असल्यापासून ओळखते त्याचं नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार, सोबत किती जण, असं सगळं विचारून लिहिलं. तेव्हा कुठे ते आत आले.

अंधेरी पूर्वेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ते सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा राहिले. पलंगावर आडवे होऊन पंखा बघितला. न्हाणीघराची कडी आतून लावली आणि ती अडकल्यावर आतूनच ओरडून सांगितलं, "चूक क्रमांक सात!" खिडकीपाशी उभं राहून घड्याळ लावून मोजलं आणि म्हणाले, "दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं. आपल्याला ऐकू येत नाही, पाहुणा दचकून उठेल. लिहून लाव." नळाला पाणी कधी येतं आणि कधी जातं तेही लिहून लावायला सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आग लागली तर मी कुठून पळू?"

"काका, दार एकच आहे."

"तुला माहितीये. मला कुठे माहितीये? मी कुडाळहून आलोय."

कपाटावरच्या बुद्धमूर्तीकडे बघून विचारलं, "ही राहणार की नेणार?" मी जरा ताठच झाले. "राहणार," म्हटलं. "मग सामानाच्या यादीत घे," ते म्हणाले, "आणि पहिल्या नंबरला घे. चमच्यांच्या खाली नको." सहा वाजता सुटकेस उचलली, तेवीस चुकांची यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रात्र मी धरून चालतो. रात्री मला घरी असावं लागतं." अठरा पायऱ्या चढून ते कुडाळहून आलेले पाहुणे घरी गेले. सुटकेसमध्ये काय होतं म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "दोन उशा. रिकामी सुटकेस घेऊन कोणी येतं का?"

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. वडील गेल्यावर आई त्या घरात एकटी राहायची. मग ती मोरीत पडली, खुबा मोडला, आणि मी तिला नाहूरला माझ्याकडे आणलं. घर बंद. पुण्याचा भाऊ म्हणाला, विकू या. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका इस्टेट एजंटने गिऱ्हाईकसुद्धा आणून ठेवलं होतं. आईचं एकच म्हणणं, "मला चालता यायला लागलं की मी माझ्या घरी जाणार." अकरा महिन्यांच्या कराराने भाडेकरू ठेवला तर ती अकरा महिने जाऊ शकणार नव्हती, आणि बंद घराचा खर्च मला झेपत नव्हता. म्हणून मी ठरवलं की दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या लोकांना घर द्यायचं. विमानतळ जवळ, व्हिसाच्या मुलाखतीला येणारे, विमान चुकलेले, कोणीही. आईला जायचं असेल त्या आठवड्यात कोणाला द्यायचं नाही. भावाने दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर घर विकायचं.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली होती, "अगं, फोटो टाक ॲपवर आणि हो मोकळी. सगळे तेच करतात यार." मीही तेच करणार होते. माझा स्वभाव तसाच आहे. फॉर्म दिसला की मला जांभई येते आणि रांग दिसली की राग. पण सोसायटीत राहायचं तर सेक्रेटरींच्या कानावर घालावं म्हणून गेले आणि अडकले. पर्यटन खात्याची नोंदणी, त्यासाठी सोसायटीची ना हरकत, पोलीस ठाण्याचं पत्र, घराच्या मालकीचे कागद, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत भरायचा वेगळा फॉर्म. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "वाचलंस का यातलं काही?"

"वाचलंस?" हा त्यांचा आवडता प्रश्न. ते एका लायसन्स देणाऱ्या कचेरीत अख्खी नोकरी काढून निवृत्त झाले होते आणि लिहिलेला प्रत्येक कागद वाचलाच पाहिजे अशी त्यांची समजूत होती. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद ते चष्मा लावून वाचायचे. बिल्डिंगमधल्या एका मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात आल्यावर सगळे म्हणाले छान आहे, सुंदर आहे. यांनी वाचली आणि म्हणाले, "तारखेला गुरुवार येतो, तुम्ही शुक्रवार छापलाय. लोक कधी येणार?" मुलीचा बाप डोक्याला हात लावून बसला. पत्रिका पुन्हा छापल्या.

त्यांना कोणी काही फुकट दिलेलं चालायचं नाही. दिवाळीला एका सभासदाने काजूकतलीचा डबा आणून दिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराखालून चिठ्ठी आली: 'डबा मिळाला. एक वडी खाल्ली. चव चांगली होती. बाकीच्या झाडूवाल्या बाईंना दिल्या. आपला आभारी.' खाली सही, शिक्का. शिक्का पाहिजेच.

पण सगळ्यात गाजला तो ओल्या कपड्यांचा किस्सा. रस्त्याच्या बाजूच्या ग्रिलवर कपडे वाळत घालायचे नाहीत असा ठराव झाला होता. एका दिवशी दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच ग्रिलवर चादर दिसली. संध्याकाळी फळ्यावर नोटीस, सेक्रेटरींकडून सेक्रेटरींना. दोन दिवसांनी त्याच फळ्यावर त्यांचा सभासद म्हणून खुलासा, की घरात दोरी तुटली होती. आणि त्याच्या खाली सेक्रेटरी म्हणून त्यांचा शेरा: 'खुलासा समाधानकारक नाही. दोरी बांधून घ्यावी.' लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसले. तो माणूस स्वतःला वेगळा कायदा लावत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही.

आमच्या कागदांत पहिली अडचण निघाली ती वडिलांची. ते जाऊन नऊ वर्षं झाली तरी शेअर सर्टिफिकेट, लाइटबिल, सगळं त्यांच्याच नावावर. आमच्याकडेच असं नाही, बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांची बिलं गेलेल्या माणसांच्या नावाने येतात आणि बायका ती नीट घडी करून जपून ठेवतात. नाव काढायचं म्हणजे माणसाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटतं. आईने सही करायला साफ नकार दिला. मी चिडले, ती रडली, मी अजून चिडले. शेवटी काकाच नाहूरला आले. तिच्या पलंगापाशी खुर्ची ओढून त्यांनी अख्खा फॉर्म तिला मोठ्याने वाचून दाखवला. आईने विचारलं, "मग ह्यांचं नाव कुठंच नाही राहणार का?"

"दारावर राहील की वहिनी," ते म्हणाले. "दारावरच्या पाटीला कोणाची परवानगी लागत नाही. मी नियम बघितलाय."

आईने सही केली. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो तिथे.

पोलीस ठाण्यात ते माझ्याबरोबर आले, घडीचं स्टूल घेऊन. साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हटल्यावर मी परत फिरणार होते. त्यांनी स्टूल उघडलं आणि मला बसवलं. "त्यांचं काम येण्याचं, आपलं काम थांबण्याचं," म्हणाले. अडीच तास ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि भिंतीवरचे सगळे बोर्ड वाचले. पत्र मिळालं. एकेक करत तेवीस चुकांपैकी बावीस दुरुस्त झाल्या. विमानांचं मी काही करू शकत नव्हते, पण लिहून लावलं. राहिली फक्त सोसायटीची सभा, कारण ना हरकतीचा ठराव सभासदांच्या मतांनी व्हायचा होता.

आणि तेवढ्यात मी माती खाल्ली.

ऑफिसातल्या एकाची मेहुणी अकोल्याहून व्हिसाच्या मुलाखतीला येणार होती. "दोनच रात्रींचा प्रश्न आहे," तो म्हणाला, "घर तयारच आहे ना तुझं?" घर तयार होतं. नवी चादर, नवी कडी, रजिस्टरसुद्धा. फक्त परवाना नव्हता. मी किल्ली दिली आणि फोनवर आलेले पैसेही घेतले. पाहुणी आहे म्हणून सांगू, कोण विचारतंय, असं मनाशी म्हटलं.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी चादरी बदलायला आले तर काका दारात. त्यांना कसं कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. आवाज चढवला नाही. एक कोरा कागद पुढे केला.

"लिही."

"काय लिहू?"

"झालं ते. कधी आली, किती दिवस राहिली, पैसे घेतलेस ते. परवाना नसताना घेतलेस ते. पुन्हा करणार नाहीस ते."

"काका, तुम्हाला कळलंय ना? मग झालं की. तोंडी सॉरी म्हणते."

"तोंडी नको. एक प्रत अर्जाला जोड. एक मी फळ्यावर लावतो."

मी भडकलेच. "म्हणजे सभेच्या आधी माझी वाट लावणार तुम्ही? मग एवढे दिवस माझ्या मागे कशाला फिरलात?"

"चूक कोणाची गो?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं, एक काना राहिला होता तो द्यायला लावला, शिक्का मारला आणि खाली जाऊन काचेच्या फळ्यात लावलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं की घर गेलं समज. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "मी म्हणतच होतो." त्या आठवड्यात मी काकांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या कोणालाच दिल्या नसतील.

सभा गच्चीवर झाली. माझा विषय निघताच तिसऱ्या मजल्यावरचे एजंट उठले. मोबाइल वर धरून म्हणाले, "यांना परवानगी मागायला तोंड आहे का? यांनी तर धंदा सुरूपण केलाय! माझ्याकडे फोटो आहे. बॅग घेऊन बाई आत जाताना. आपल्याला फसवलंय यांनी." लोक माझ्याकडे वळून बघायला लागले.

काकांनी फाइलमधून मान वर काढली. "फोटोतली बाई अकोल्याची का?"

"मला काय माहीत कुठली!"

"मग खाली फळ्यावर वाचा. एकोणीस दिवस लिवलंला आसा. नाव, तारीख, सगळा. ह्या पोरीने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय." रागावले की ते मालवणीत जायचे. "एकोणीस दिवस येता-जाता फळ्यासमोर तुम्ही चप्पल झटकता. वाचलात काय?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. एजंट खाली बसले. पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना, चुकली, कबूल केलं तिने. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी." मला तेव्हा समजलं की त्या कागदाने माझं काय केलं होतं. एजंटकडे फोटोशिवाय काही नव्हतं, आणि फोटोत नवीन काही उरलं नव्हतं.

मग काकांनी अर्ज वाचून दाखवला, प्रत्येक कागद क्रमांकाने, अगदी रस घेऊन. मतदान हात वर करून. बाजूने किती, ते त्यांनी पेनाने हवेत मोजलं. "अकरा." मग विरोधात. "सात, आठ, नऊ." आणि स्वतःचा डावा हात वर केला. "आणि मी. दहा. ठराव मंजूर."

मला वाटलं मी चुकीचं बघतेय. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी त्यांच्या त्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते. ज्या माणसाने दोन उशा भरून सुटकेस आणली, माझ्यासाठी अडीच तास उभा राहिला, त्याने माझ्याविरुद्ध मत दिलं होतं. अजून एक हात तसा गेला असता तर घर गेलं असतं.

फाइल आवरून, सह्या घेऊन ते खाली येईपर्यंत मी त्यांच्या दाराशी पोचले होते, भांडायलाच. दार उघडं होतं आणि दारात खुर्चीवर काकी बसल्या होत्या, त्यांची बायको. डायबेटिसमुळे काकींची दृष्टी गेली होती, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पयल्या मजल्यावरची मा गो तू? पाय आपटीत इलंस. चिडलंस कित्याक?"

मी थबकले. "काकी, तुम्हाला कसं कळलं मीच आहे ते?"

"हयच्या सगळ्यांचे पाय माका ठावक. म्हणान तर एकटी खाली जातंय रोज." त्यांनी हसून सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता त्या एकट्या जिना उतरून बदामाच्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसतात, हे मी लहानपणीच्या ओळखीने गृहीत धरलं होतं. कशा जातात, याचा विचार केला नव्हता. कोण वर येतंय, कोण खाली जातंय, कोण थांबेल, कोण धक्का मारत जाईल, हे पायांवरून कळतं म्हणून त्या जातात. "त्या दिवशी मात्र घाबरलंय," त्या म्हणाल्या. "कोणतरी नवा पाऊल. बॅग आपटीत वर येता. मी कोण म्हणान इचारलंय, तर बोलणाच नाय, फोनार हसता. मी कठडो धरून उभी. मगे ह्यांनी येवन नेल्यानी. आठ दिवस खाली गेलंय नाय."

अकोल्याची पाहुणी. माझी पाहुणी.

काका फाइल घेऊन गच्चीवरून खाली आले तेव्हा मी तिथेच उभी होते. भांडण कुठल्या कुठे गेलं होतं.

"काका, तुमच्या तेवीस चुकांत हे का नव्हतं?"

"ते माझं घरचं झालं. सेक्रेटरीने आपलं घरचं दुसऱ्याच्या अर्जात घुसवायचं नसतं."

"मग एखादा कागद अडवायचा होता. तुम्हाला काय कठीण होतं?"

"अडवायला काही चूक हवी ना त्यात. चूक नव्हती."

"निदान मला सांगायचं होतं. मी अर्ज मागे घेतला असता."

"म्हायत आसा," ते म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं. तुझ्या आईला परत यायचंय." मग चपला काढून नीट लावल्या. "मला मत होतं एक. ते मी दिलं. आता ठराव झालाय. उद्या प्रत घेऊन जा."

मी काकींच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि रडले. इतकं सरळ वागलेलं माणूस मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही, आणि मी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. काकी माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्यांना विचारत होत्या, "काय झाला ओ हेका?" ते म्हणाले, "काय नाय. मंजूर झाला."

त्यानंतर मी घरातल्या नियमांच्या कागदावर एक नियम वाढवला. जिन्यात कोणीही भेटलं तर थांबायचं, आपण कोण आणि कुठल्या मजल्यावर चाललोय ते मोठ्याने सांगायचं. काकांनी तो वाचला आणि खोडायला पेन काढलं. "हा माझ्यासाठी लिहिलायस. नको." मी कागद ओढून घेतला. म्हटलं, "काका, घर आमचं, नियम आमचा. आणि लेखी आहे."

दिवाळीच्या आठ दिवस आधी परवाना आला. भाऊ फोनवर म्हणाला, "बरं झालं," आणि आईने मला विचारलं की जानेवारीचे पहिले पंधरा दिवस कोणाला देऊ नकोस, जमेल का.

पहिले पाहुणे जालन्याचे नवरा-बायको, लेकीला विमानतळावर सोडायला आलेले. मी त्यांना खालीच नियम समजावला. त्यांना गंमत वाटली असावी. आम्ही पायऱ्या चढायला लागलो आणि पाच वाजले होते, काकी वरून उतरत होत्या. माझं पाऊल त्यांनी ओळखलं, मागची दोन ओळखली नाहीत. त्या थांबल्या. कठडा घट्ट धरला.

जालन्याचे गृहस्थ शाळेत हजेरी द्यावी तसे ओरडले, "आम्ही जालन्याचे! पहिल्या मजल्यावर चाललोय!"

"कितके जण?"

"दोघं! मी आणि मिसेस!"

"मगे भिंतीक लागा," काकी म्हणाल्या. "माका खाली जावचा आसा."

ते दोघं बॅगा छातीशी धरून भिंतीला लागले. मीही लागले. काकी एकेक पायरी मोजत आमच्या समोरून गेल्या. वर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी काका उभे होते, अनवाणी, एक हात पुढे करून, जणू तेवढ्या उंचीवरून तो पोचणार होता. काकी खाली पोचल्या, दारातून बाहेर पडल्या, बाकावर बसल्याचा आवाज आला. मग काकांनी हात मागे घेतला.